नखांच्या वेगाचा समुद्र

या पृथ्वीवरचं सर्वांत मोठं बांधकाम माणसाच्या हातून झालेलं नाही. ते समुद्राच्या तळाशी, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही अशा अंधारात, कोट्यवधी वर्षं अखंड चालू आहे. आणि ज्यांना आपण साम्राज्यं म्हणतो ती त्यापुढे निव्वळ पालापाचोळा आहेत.

पाटीवर या मजकुराखाली आणखी एक वाक्य होतं : ‘काचेला टेकून उभे राहू नये.’

दोन्ही माझंच लिखाण. संग्रहालयात पाट्या लिहिण्याच्या नोकरीत मी हयात घालवली. वरचा मजकूर लगेच मंजूर झाला, कारण तो कुणी वाचलाच नाही. खालच्या वाक्यावर मात्र रीतसर बैठक बसली. त्याच्या सुरुवातीला ‘कृपया’ हवं की नको, यावर दोन तट पडले आणि चहा दोनदा मागवावा लागला.

ज्या यंत्रासाठी ही पाटी लिहिली, ते माझ्या वहिनींचं. वहिनी म्हणजे दादाची बायको, आणि आमच्या संग्रहालयाच्या दगड विभागाच्या प्रमुख. हा विभाग अनेक वर्षं जिन्याखाली होता. येणारे-जाणारे तिथे छत्र्या ठेवत. वहिनींनी अर्ज केले, विनंत्या केल्या, एकदा तर साहेबांच्या खोलीत पंधरा किलोचा दगड नेऊन ठेवला आणि ‘हा परत न्यायला मला माणूस मिळत नाही’ म्हणून सांगितलं. शेवटी त्यांना एक दालन मिळालं. चांगलं प्रशस्त, खिडकीवालं. त्या दिवशी वहिनी घरी आल्या आणि कुणाशी काही न बोलता सगळ्या घराचे पडदे धुवायला काढले. त्यांना आनंद झाला की त्या काहीतरी धुतात.

त्या दालनात काय ठेवायचं हे त्यांचं आधीच ठरलं होतं.

“भावजी,” त्या मला म्हणाल्या, “लोक दगडाकडे बघतात आणि पुढे जातात. त्यांना वाटतं, दगड म्हणजे मेलेली वस्तू. मला त्यांना दगड जन्माला येताना दाखवायचाय.”

“प्रसूतिगृह?”

“तसंच समजा. समुद्राच्या मधोमध, पाण्याखाली, डोंगरांची लांबच लांब रांग आहे. तिच्या माथ्यावर भेग असते. भेगेच्या दोन्ही अंगांचा तळ एकमेकांपासून दूर सरकत असतो. मध्ये जागा झाली की खालून वितळलेला दगड वर येतो, थंड पाणी लागलं की तिथल्या तिथे गोठतो, आणि झाला नवा तळ. मग तोही फाटतो, पुन्हा नवा वर येतो. आधीचा आपला कडेकडेला सरकत राहतो. थंड होतो, जड होतो, आणि शेवटी फार लांब कुठेतरी एका खोल गर्तेत उतरून पृथ्वीच्या पोटात गडप होतो.”

“म्हणजे आपल्या ऑफिससारखंच की. मध्ये नवे भरती होतात, जुने कडेला सरकतात, थंड पडतात, जड होतात...”

“तुम्ही कुठवर पोचलात?”

“गर्तेच्या काठावर. पुढच्या महिन्यात निरोप समारंभ आहे.”

यंत्र दादाने बांधलं. दादाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. कमरेएवढ्या उंचीचं लांबलचक टेबल, त्यावर काळ्या दगडाच्या दोन जाड शिळा, मध्ये नखाएवढी फट. शिळांखाली रूळ. फटीखाली काळं मेण भरलेली पन्हळ, आणि तिला मंद आच देणारी तार. शिळा दूर सरकल्या की मेण वर येणार, दगडाचा गारवा लागून गोठणार, आणि नवा समुद्रतळ तयार. वरून काच. साधी, स्वच्छ योजना होती. गोम एकच होती, आणि ती वहिनींनी स्वतः घातली होती.

“वेग खरा पाहिजे,” त्या म्हणाल्या.

“खरा म्हणजे?” दादाने विचारलं.

“समुद्राचा तळ सरकतो तोच. माणसाची नखं वाढतात साधारण तेवढा.”

दुसऱ्या कुणी डोक्याला हात लावला असता. दादाचा चेहरा मात्र लग्नातसुद्धा फुलला नव्हता इतका फुलला. जन्मभर लोक त्याच्याकडे मागे पडलेली घड्याळं घेऊन येत आणि ‘जरा पुढे पळवा’ म्हणत. तासकाट्याहून हळू चालणारं काही करून मागणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं, आणि तेही घरातलं. त्याने चाकामागे चाक, चाकामागे चाक अशी एक लांबण लावली. मोटर भुणभुण करत फिरे, पहिलं चाक गरगर फिरे, आणि शेवटचं चाक ध्यानाला बसल्यासारखं दिसे.

“एवढ्याशा मोटरीने या शिळा हलतील?” मी विचारलं.

“चाकांच्या जुळणीत जेवढं सावकाश, तेवढं जोरदार,” दादा म्हणाला. “हे यंत्र मध्ये येईल त्याला फाडून पुढे जाईल. फक्त घाई करणार नाही.”

हे त्याचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. कुणीच ऐकलं नाही. खुद्द दादानेही.

उद्घाटनाला अर्थातच साहेब आले. आमचे साहेब म्हणजे संग्रहालयाचे संचालक. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना फीत दिसली की हात शिवशिवतात. संग्रहालयात पिण्याच्या पाण्याचा नवा नळ बसला तेव्हाही त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी लागली होती, आणि ती नळाहून मोठी होती. या वेळची पाटी तर चांगली जेवणाच्या ताटाएवढी लांब-रुंद. वर पदव्या, मध्ये ठसठशीत अक्षरांत नाव आणि आडनाव, खाली हुद्दा.

“कुठे लावायची?” मिस्त्रीने विचारलं.

शिळांच्या पुढच्या कडा काचेबाहेर उघड्याच होत्या, चांगल्या दीड वीत जाडीच्या. साहेबांनी तिकडे बोट दाखवलं. “इथे. मधोमध.”

“मधोमध?” दादाने विचारलं. त्याला काहीतरी टोचलं असावं. पण काय, ते त्याला उमगेना.

“मग काय कोपऱ्यात लावता?” साहेब म्हणाले.

वहिनी त्या वेळी मेणाची आच बघत होत्या. त्यांनी मान वर केली, पाटीकडे पाहिलं, “छान दिसतेय,” म्हणाल्या आणि पुन्हा मेणात डोकं घातलं. मिस्त्रीने कुठलासा जबरदस्त गोंद आणला होता. पाटीचा डावा अर्धा भाग डाव्या शिळेला बसला, उजवा उजव्या शिळेला. पुढे मखमलीचा छोटा पडदा. साहेबांनी दोरी ओढली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. मग पाटीवर धूळ बसू नये म्हणून साहेबांनी पडदा पुन्हा ओढून घ्यायला सांगितलं. त्यांना तो वर्षाने परत उघडायचा होता.

दादाने चावी फिरवली. मोटर भुणभुणू लागली. सगळे काचेकडे वाकून बघू लागले.

आणि बघतच राहिले.

“सुरू झालं?” साहेबांनी विचारलं.

“झालं,” वहिनी म्हणाल्या.

“हलत नाहीये.”

“हलतंय, साहेब.”

“मला दिसत नाहीये.”

“दिसणारच नाही. हे खरं आहे ना.”

साहेबांनी आणखी थोडा वेळ शिळांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग चहाच्या टेबलाकडे. चहाचं टेबल त्यांना जास्त पटलं.

मी लगेचच निवृत्त झालो. पण घरी बसून करायचं काय, म्हणून रोज संग्रहालयात चक्कर टाकत असे. वहिनींच्या दालनात खुर्ची होती, वारा होता आणि गर्दी अजिबात नव्हती. येणारे लोक माझी पाटी वाचत : ‘हा समुद्रतळ तुमची नखं वाढतात त्या वेगाने पसरत आहे.’ पाटी वाचून ते यंत्राकडे बघायचं सोडून स्वतःची नखं बघत. एका बाईंनी तर तिथेच पर्समधून कानस काढली आणि दहाही बोटं व्यवस्थित घासून, समाधानाने निघून गेल्या. समुद्रासमोर एवढा वेळ थांबलेल्या त्या एकट्याच.

शेजारच्या दालनात मात्र जत्रा. तिथे यांत्रिक डायनोसॉर होता. तो थोड्या थोड्या वेळाने जबडा उघडून डरकाळी फोडायचा, डोळे लाल करायचा आणि शेपटी आपटायचा. त्याच्याकडे बोलण्यासारखं एवढंच होतं. पण ते तो मन लावून बोलायचा. पोरं किंचाळत, आया पोरांना उचलत, बाप मोबाईल उचलत. त्या विभागाच्या प्रमुखांना आम्ही गुरगुरे म्हणत असू. त्यांचं खरं नाव बहुधा त्यांच्या घरी माहीत असावं.

हे गुरगुरे एक दिवस दारात येऊन उभे राहिले. हातात मोजपट्टी.

“मॅडम, तुमच्या भिंतीची जाडी किती?”

“का हो?”

“नाही, नवी शेपटी येतेय. जरा लांब आहे. आपटायला जागा लागेल. तुमच्याकडे तशी... शांतताच असते.”

“शांतता नाही ती. काम चालू आहे.”

“कुठे?” गुरगुऱ्यांनी प्रामाणिकपणे इकडेतिकडे पाहिलं.

“तुमच्या डायनोसॉरचा आवाज कुणी ऐकलाय का कधी?” वहिनींनी विचारलं. “खरा? की तुमच्या मनानेच घातलाय?”

“आम्ही दोन-तीन जनावरांचे एकत्र केलेत,” गुरगुरे अभिमानाने म्हणाले.

मोजपट्टी साहेबांपर्यंत पोचली. साहेब आले, काचेवर टेकून उभे राहिले (‘कृपया’ घालायला हवं होतं), आणि म्हणाले, “बाई, हे यंत्र बंद आहे अशी तक्रार आहे.”

“चालू आहे. हा बघा दिवा.”

“दिवा चालू आहे म्हणजे दिवा चालू आहे.”

“ही मधली पट्टी बघा, साहेब. ही नव्या मेणाची आहे. पहिल्या दिवशी नव्हती.”

“पहिल्या दिवशीही मध्ये काळंच होतं. कडेलाही काळंच होतं. तुमचा सगळा समुद्रच काळा आहे.”

वहिनींनी फोटो दाखवले. साहेब म्हणाले, एक जवळून काढलाय, एक लांबून. वहिनींनी फूटपट्टी लावून दाखवली. साहेब म्हणाले, लोक काय फूटपट्टी घेऊन येणार आहेत का? मग त्यांनी खाकरून निकाल दिला. उद्घाटनाच्या पहिल्या वाढदिवशी ते स्वतः येतील. समुद्र सरकतो हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर दालन डायनोसॉरच्या शेपटीला, आणि समुद्र तळघरात.

तळघराची तुम्हाला कल्पना नसेल. तिथे गेलेली वस्तू परत वर आल्याचं आमच्या संग्रहालयात कुणाला आठवत नाही. मागे एक शिपाईही तिथे काहीतरी आणायला गेला होता. तो परत आला, पण दुसऱ्या खात्यात.

त्या दिवशी घरी आल्यावर वहिनींनी काही धुतलं नाही. मला काळजी वाटली.

वाढदिवसाच्या आदल्या रविवारी सकाळी मी त्या दोघांना दुकानात गाठलं. दादा भिंग डोळ्याला लावून एका मनगटी घड्याळात शिरला होता. वहिनी स्टुलावर बसून भिंतीवरच्या घड्याळांकडे बघत होत्या. सगळी वेगवेगळी वेळ दाखवत होती.

“दादा,” मी म्हणालो, “साहेबांपुरतं एखादं चाक बदललं तर?”

दादा भिंग न काढता म्हणाला, “पाव तासाचं काम. मधली दोन चाकं काढली की समुद्र पळायला लागेल.”

“मग?”

“मग काय, भावजी?” वहिनी म्हणाल्या. “मग तुमच्या पाटीवर काय लिहाल? नखं वाढतात त्या वेगाने? कुणाची? राक्षसाची?”

“एका दिवसाचा तर प्रश्न आहे, वहिनी. परत चाकं घालू.”

“तो गुरगुऱ्या दोन-तीन जनावरांचे आवाज एकत्र करतो. मी दोन-तीन समुद्र एकत्र करू? अहो, त्या तळाला कोट्यवधी वर्षांत कुणी बघायला गेलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हणून तो कधी जोरात पळाला का? तो आपला वाढतो. आणि मी एका माणसाला दाखवायला त्याला पळवू?”

“आणि दालन गेलं तर?”

भिंतीवरचं एक घड्याळ वाजलं. त्यात दहा वाजले होते, म्हणजे साधारण पावणेनऊ झाले असावेत.

“जिन्याखाली जागा आहे अजून,” वहिनी म्हणाल्या. “छत्र्या काढाव्या लागतील.”

दादाने भिंग काढलं, वहिनींकडे पाहिलं, आणि चाकांच्या डबीचं झाकण लावून टाकलं. मीही विषय तिथेच सोडला. खरं सांगायचं तर, यंत्र चालू आहे याची मला स्वतःला खात्री नव्हती. वर्षभर मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलो होतो. माझा डुलक्यांचा हिशेब पक्का होता, समुद्राचा नव्हता.

वाढदिवस उजाडला. साहेब कोट घालून आले. सोबत फोटोवाला, आणि गुरगुरे, आणि गुरगुऱ्यांच्या हातात तीच मोजपट्टी. पलीकडच्या दालनातली थोडी माणसंही डायनोसॉरच्या दोन डरकाळ्यांमधल्या रिकाम्या वेळात डोकावायला आली. वहिनी टेबलापाशी ताठ उभ्या होत्या. दादा त्यांच्या मागे.

साहेबांनी काचेत बराच वेळ पाहिलं. डोळे बारीक केले. मोठे केले. चष्मा पुसून पाहिलं.

“बाई,” ते सौम्यपणे म्हणाले, “मला काही दिसत नाही.”

“दिसणार नाही, साहेब,” वहिनी म्हणाल्या.

“मग माझा नाइलाज आहे. असो. आता आलोच आहे तर पडदा उघडून एक फोटो घेऊ. शेवटचा.” आणि त्यांनी मखमलीच्या पडद्याची दोरी ओढली.

पडदा कशाला तरी चिकटला होता. साहेबांनी हिसका दिला. टर्रकन आवाज झाला आणि पडदा बाजूला गेला.

पाटी दुभंगली होती. वरपासून खालपर्यंत, सुरीने कापावी तशी. साहेबांचं नाव डावीकडे गेलं होतं, आडनाव उजवीकडे. मध्ये चांगलं दोन-तीन बोटांचं अंतर पडलं होतं, आणि त्या अंतरात काळं मेण वर येऊन, बाहेर फुगून, गोल गोल लादीपावासारखं गोठलं होतं.

पलीकडे डायनोसॉरने डरकाळी फोडली. या वेळी कुणी वळूनही पाहिलं नाही.

सगळ्यांत आधी वहिनींना कंठ फुटला. त्या चक्क फरशीवर गुडघे टेकून बसल्या.

“अहो! अहो, हे बघा! उश्या झाल्यात!”

“कसल्या उश्या?” दादाही खाली बसला.

“समुद्रात वितळलेला दगड थंड पाण्यात शिरला की असाच फुगतो, उश्यांसारखा! वरच्या काचेखाली झालंच नाही हे कधी. इथे बाहेर गारवा लागला ना!” त्यांनी एका उशीवर हळूच बोट फिरवलं. “मी सांगितलंसुद्धा नव्हतं हो. आपलं आपणच झालं.”

“बाई,” साहेबांचा आवाज वरून आला. “माझं नाव.”

“हो साहेब,” वहिनी मान वर करून आनंदाने म्हणाल्या. “दिसतंय ना आता?”

“कुणी तोडली ही पाटी?”

“कुणी तोडली नाही, साहेब,” दादा म्हणाला. “वर्षभर तुटत होती.”

मी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. समुद्राचा तळ फाटतो हे ज्या बाईने आयुष्यभर जगाला सांगितलं, मध्ये येईल ते फाडेल असं यंत्र ज्या माणसाने बांधलं, आणि हे सगळं ज्याने पाटीवर लिहिलं, त्या तिघांच्या देखत भेगेवर आडवी पाटी चिकटवली गेली होती. आणि एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. विश्वास सगळ्यांचा होता. फक्त पाटीपर्यंत तो पोचला नव्हता.

एव्हाना बातमी पसरली होती. समुद्र पसरतो हे बघायला कुणी येत नव्हतं. साहेबांचं नाव पसरलं म्हटल्यावर अख्खं संग्रहालय लोटलं. तिकीट खिडकीवरचा माणूस आला. पहारेकरी आले. लोक एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत, बोटांनी अंतर मोजत, आणि मग, वर्षात पहिल्यांदा, काचेखालच्या शिळांकडे आदराने बघत. कुणीतरी माझी पाटी मोठ्याने वाचली. अगदी पहिल्या वाक्यापासून. मला भरून आलं.

“गुरगुरे,” मी म्हणालो, “तिकडे जनावर एकटंच ओरडतंय.”

“ओरडू दे,” गुरगुरे म्हणाले. त्यांनी मोजपट्टी काढून नाव आणि आडनाव यांच्यामध्ये धरली होती. “साहेब, फारच प्रगती आहे हो.”

साहेबांच्या कपाळावर घाम होता. “काढा ही पाटी आधी.”

दादाने एका कोपऱ्याला नख लावून पाहिलं. “निघणार नाही. मिस्त्रीचा गोंद पक्का आहे. नाव फोडावं लागेल, बारीक बारीक.”

नाव फोडायला कुणी पुढे होईना. साहेबांनाही ती कल्पना फारशी रुचली नाही.

“मग ठरल्याप्रमाणे सगळंच तळघरात...” त्यांनी सुरुवात केली.

“न्या की साहेब,” वहिनी उठत, पदर झटकत म्हणाल्या. “फक्त पाटीसकट जाईल.”

“आधीच्या साहेबांच्या सगळ्या पाट्या तिथेच आहेत,” मी म्हटलं. “तुमच्या नावाला सोबत होईल.”

साहेबांनी एकदा नावाकडे पाहिलं, एकदा आडनावाकडे. दोन्हीकडे बघायला मान थोडी वळवावी लागत होती. मग गर्दीकडे पाहिलं. फोटोवाला कॅमेरा सरसावून उभाच होता. हळूहळू साहेबांच्या चेहऱ्यावर उद्घाटनाची कळा आली. त्यांनी घसा साफ केला.

“समुद्र,” ते म्हणाले, “इथेच राहील. या दालनातून तो कुणीही हलवायचा नाही. विज्ञानासाठी काय द्यावं लागतं, ते आज आपण सगळे बघतो आहोत.”

टाळ्या कडाडल्या. वहिनींनी डोळे मिटून घेतले. आज घरी सतरंज्या निघणार, हे मी ओळखलं. गुरगुऱ्यांनी मोजपट्टी मिटून खिशात टाकली आणि शेपटी दुमडता येते का बघतो म्हणत निघून गेले.

फोटोवाल्याने सगळ्यांना ओळीत उभं केलं. साहेब मध्ये, एका बाजूला वहिनी, एका बाजूला दादा. फोटोवाला एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “साहेब, आडनाव फ्रेममध्ये येत नाहीये.”

साहेब दादाच्या कानाशी वाकले. एवढ्या वर्षांत त्यांना इतकं हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

“अहो, जरा उलटं फिरवता येईल का? फक्त फोटोपुरतं.”